जुन्या ९११ च्या तेलाच्या पितळी नळ्या : घासू, रंगवू की तशाच ठेवू?

मिशिगनकर | शनिवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. वाहन विभागात बरेच दिवसांनी धागा काढतोय, सांभाळून घ्या.

तीन वर्षांपूर्वी १९८६ ची पोर्शे ९११ कॅरेरा घेतली, हे जुन्या लोकांना माहीत आहे (ज्यांनी तेव्हा 'घरचे हप्ते फिटले का' असं विचारलं होतं त्यांना नमस्कार, नाही फिटले). या गाडीला पाण्याचा रेडिएटर नाही. इंजिन मागे, हवेवर आणि तेलावर थंड होतं. तेलाची टाकी उजव्या मागच्या चाकाच्या मागे, थर्मोस्टॅट (तेल तापलं की कूलरची वाट उघडणारी झडप) त्याच चाकाच्या खळग्यात, आणि तेल थंड करायचा कूलर मात्र पार पुढे, उजव्या मडगार्डमध्ये. म्हणजे तेल मागून पुढे जातं, थंड होतं आणि परत मागे येतं. त्यासाठी उजव्या दाराखालून, उंबरठ्याला चिकटून, दोन लांबलचक नळ्या गेल्या आहेत. सगळं मिळून बारा-तेरा लिटर तेल.

आमच्याकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मी गाडी हिवाळ्यात काढत नाही, पण आधीच्या मालकाने काढली असावी. नळ्यांवर तेल, माती आणि मीठ यांचं डांबरासारखं काळं पुट आहे. एका कोपऱ्यात कापडाने घासलं तर खालून सोनं चमकलं! नळ्या पितळेच्या आहेत, नट लोखंडी. नटांवर एके काळी पिवळसर मुलामा असावा, आता लाल गंज.

प्रश्न : नळ्या बाहेर काढून स्वच्छ करणार आहे. मग काय करू? (१) पॉलिश करून चकचकीत ठेवू (२) प्लेटिंग (धातूचा मुलामा) करून घेऊ (३) काळा रंग मारू (४) नुसत्या धुऊन परत लावू? कुणी असलं काम केलंय का?

---

शेंगदाणे | रात्री ११:५२

चिंच आणि मीठ. पुढचा प्रश्न.

---

चांदणी_रात | रविवार, सकाळी ७:१५

शेंगदाणे :D :D

पण खरंच, आमची आजी बंब घासायची तो चिंचेनेच. आधी चिंच चोळून पाच मिनिटं ठेवायची, मग राख, मग पाणी. आणि लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर संध्याकाळपर्यंत डाग. आई पितांबरीवर आली. मी पितळच काढून टाकलं.

---

पेठेतला_पाटा | सकाळी ८:०३

गाडीच्या खालच्या बाजूला असलेली, कुणालाही कधीही न दिसणारी नळी चमकवायची की नाही, यावर चार पर्याय आणि एक धागा. अमेरिकेत सुबत्ता आहे हे ऐकून होतो.

---

मिशिगनकर | सकाळी ८:२०

पाटासाहेब, कुणाला दिसत नाही हे खरं. पण मी गाडीखाली आडवा पडतो तेव्हा मला दिसते ना. :)

---

बुलेटराजा_कोल्हापूर | सकाळी ९:३०

भावा, आधी हे सांग, नळ्या निघाल्या का? घासायचं नंतर बघू.

आमच्याकडं जुन्या बुलेटला (बिडाचं इंजिन, नवं नव्हं) बाहेरून एक ऑइल पाइप वर रॉकरला (इंजिनच्या झडपा हलवणाऱ्या भागाला) जातो. इवलासा पाइप, बँजो बोल्ट (पोकळ असतो, त्याच्यातूनच तेल जातं). त्यो काढताना किती जणांनी पिळून मोडलाय त्याची मोजदाद नाही. नट जाम असतो, आपण पाना लावून जोर करतो, नट फिरत नाही, नटाबरोबर पाइपच फिरतो आणि पिळवटतो. तुझ्या तर नळ्या चांगल्या अंगठ्याएवढ्या दिसतात. पिळल्या तर गेल्या.

दोन पाने लाव. एकानं धरायचं, दुसऱ्यानं फिरवायचं. एका पान्यावर कधीच नाही.

---

मिशिगनकर | सकाळी १०:०५

बुलेटराजा, दुखऱ्या जागीच बोट ठेवलंत. ३६ चा पाना लागतो, खास मागवला. थर्मोस्टॅटला चार नट आहेत. तीन निघाले, चौथा हलायला तयार नाही. चार दिवस जाम सोडवणारं तेल मारतोय. थर्मोस्टॅटचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, त्याच्यावर बाहेरून आटे, आणि त्यावर लोखंडी नट. मध्ये पांढरी पावडर जमलीय.

आता गॅस टॉर्चने तापवावं म्हणतो.

---

धातुवेडा | सकाळी ११:४५

थांबा.

मी धातुशास्त्राचा माणूस, आता निवृत्त. दोन गोष्टी सांगतो, पटल्या तर घ्या.

पहिली. ती पांढरी पावडर म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा गंज. लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून आणि वर खारं पाणी, म्हणजे एक छोटी बॅटरीच तयार होते. तीत अ‍ॅल्युमिनियम झिजतं. त्याचा गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो आणि आट्यांच्या फटीत पाचरीसारखा ठासून बसतो. म्हणून नट हलत नाही.

दुसरी. 'तापवलं की सुटतं' हा सरसकट नियम नाही. तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. तुमच्याकडे अ‍ॅल्युमिनियम आत आणि लोखंड बाहेर आहे. सावकाश दोन्ही तापवलीत तर आतला भाग जास्त फुगून नट आणखी आवळला जाईल. तेव्हा ज्योत बारीक आणि प्रखर, फक्त नटावर, फक्त काही सेकंद, म्हणजे नट फुगेल पण उष्णता आत पोचायच्या आत. मग निवू द्या. असं चार-पाच वेळा. एका फटक्यात सुटण्यापेक्षा या फुगण्या-आकसण्याने ती पावडर कुटली जाते.

आणि ज्योत लावायच्या आधी चार दिवस मारलेलं ते तेल नीट पुसून काढा. ते पेट घेतं.

---

बुलेटराजा_कोल्हापूर | दुपारी १२:१०

काका बरोबर बोलले. त्यात माझी भर : नट गरम असताना त्याच्या कडेला मेणबत्ती टेकवायची. मेण वितळून आट्यात आपोआप ओढलं जातं. आमचे वस्ताद हेच करायचे. तेल जिथं जात नाही तिथं मेण जातं.

---

स्टुटगार्टची_सून | दुपारी २:५०

मी गाड्यांमधली नाही, पण नवऱ्याला हाच आजार. इकडे स्टुटगार्टमध्ये त्सुफेनहाउझेनला पोर्शेच्या कारखान्याच्या समोरच त्यांचं संग्रहालय आहे. पाहुणे आले की त्यांना तिथे न्यायचं ही माझी बाराव्यांदा शिक्षा.

नवऱ्याला धागा वाचून दाखवला (तो मराठी नाही, मी भाषांतर केलं, 'चिंच' समजावायला वेळ गेला). त्याचा निरोप असा : नट सुटला नाही तर थर्मोस्टॅट वाचवा, नट मारा. बारीक कटरने नटावर उभी चीर पाडा, आट्यांना लागेलसं वाटलं की थांबा, आणि छिन्नी घालून नट फाकवा. जोर करत बसलात तर थर्मोस्टॅटचे आटे जातील आणि ते जास्त महागात पडतं.

शिवाय म्हणाला, जॅक कुठे लावता ते बघा. त्याच्या ओळखीत दोघांनी उजव्या बाजूला उंबरठ्याखाली जॅक लावून त्याच नळ्या चपट्या केल्या आहेत.

---

मिशिगनकर | दुपारी ३:३०

...

आत्ता जाऊन बघितलं. उजव्या दाराखाली, परतीच्या नळीवर, हाताच्या पंजाएवढी जागा चपटी आहे. काळ्या पुटामुळे दिसलीच नव्हती. मी लावला नाही हो जॅक तिथे! आधी कुठल्या तरी गॅरेजने लावला असणार.

तुमच्या नवऱ्याला साष्टांग नमस्कार सांगा.

---

शेंगदाणे | दुपारी ३:३४

गाडी घेताना मुलगी बघतात तशी बघायची असते. खालून नाही बघितली वाटतं.

---

चांदणी_रात | दुपारी ३:४१

शेंगदाणे, ही उपमा मागे घ्या.

---

शेंगदाणे | दुपारी ३:४२

घेतली. हलके घ्या.

---

भोसरी_प्लेटर | सोमवार, रात्री १०:१५

दिवसभर टबांवर होतो, आता वाचलं. एमआयडीसीत झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे, त्यामुळे पर्याय (२) वर बोलायचा हक्क आहे असं समजतो.

प्लेटिंग करू नका. म्हणजे अशा नळीचं करू नका. कारण सांगतो.

तुमचा नट नळीवर अडकलेला आहे. नळीचं टोक मोठं, नट मागून निघत नाही. म्हणजे नट टबात टाकायचा तर पितळही टबात येणार. प्लेटिंगच्या आधी गंज उतरवायला आम्ही माल आम्लात बुडवतो. त्यात पितळ आणि गंजलेलं लोखंड एकत्र गेलं की पितळातलं तांबं थोडं सुटतं आणि लोखंडावर जाऊन बसतं. लोखंड तांबूस होऊन बाहेर येतं. पितळाचाही रंग जातो, गुलाबी डाग पडतात. आणि तांबं माझ्या झिंकच्या टबात आलं तर पुढचा सगळा माल काळपट. असा मिश्र माल कुणी घेऊन आला तर मी चहा पाजून परत पाठवतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नळीची आतली बाजू. ती बुचं मारून बंद केली नाही तर आम्ल आत. वाकणात राहिलेलं आम्ल धुऊन निघत नाही. ते पुढे तुमच्या तेलात.

त्या नटांवरचा मूळचा पिवळा मुलामा कॅडमियम किंवा झिंकचा, वर पिवळं क्रोमेट (गंज रोखणारा क्रोमियमचा पातळ थर), असा असणार. त्या काळी सगळीकडे तेच. ते पिवळं क्रोमेट हेक्साव्हॅलंट क्रोमियमचं असतं, अंगाला लागायला वाईट. युरोपात २००३ पासून टप्प्याटप्प्याने नव्या गाड्यांत ते आणि कॅडमियम दोन्ही बंद झाली, मोजक्या सवलती सोडून. आता ट्रायव्हॅलंट क्रोमियमचं करतात. ते निळसर-पांढरं येतं, पिवळं हवं तर रंग टाकावा लागतो. त्यामुळे जुन्या गाडीवाल्यांचं 'अगदी तोच पिवळा' हे स्वप्न हल्ली अवघडच.

माझं मत : नट वायर ब्रशने घासा, झिंक भरलेला प्रायमर हाताने लावा, वर मेणाचा हात. संपलं.

---

मिशिगनकर | रात्री ११:०२

बरं झालं विचारलं! मागच्या वर्षी काही लोखंडी ब्रॅकेट इथल्या एका प्लेटिंगवाल्याला दिले होते, त्यातला एक 'हरवला' आणि बाकीचे काळपट आले. नळ्याही त्यालाच देणार होतो.

---

खरबूज | मंगळवार, सकाळी ९:०५

मग काळा रंग मारा ना. उष्णता अडकेल ही भीती असेल तर निराधार आहे. उलट चकचकीत पितळ उष्णता सगळ्यात कमी फेकतं! चकचकीत पृष्ठभागाचं प्रारण फार कमी, काळ्या रंगाचं भरपूर. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक बाजू काळी आणि एक चकचकीत असलेला पत्र्याचा डबा आठवत असेल.

---

धातुवेडा | सकाळी १०:२०

खरबूज, तत्त्वतः बरोबर. पण नळीखालून वारा वाहतो आणि बहुतेक उष्णता वाऱ्याबरोबर जाते. रंगाचा पातळ थर त्यात फार फरक करत नाही, ना इकडे ना तिकडे. पुढे कूलर बसवलाय तो त्यासाठीच.

रंगाला माझा विरोध वेगळ्या कारणाने आहे. दगड उडून रंगाला टवका गेला की पाणी कडेने आत शिरतं आणि रंगाखाली काय चाललंय ते दिसत नाही. उघडं पितळ दिसतं. भेग पडली तर दिसते, तेल झिरपलं तर दिसतं.

आता महत्त्वाचं. काल कुणी काही बोललं नाही म्हणून मीच लिहितो. अमोनिया असलेलं कुठलंही पॉलिश किंवा क्लीनर या नळ्यांना लावू नका. बाजारातल्या बऱ्याच पितळ पॉलिशमध्ये आणि काचा पुसायच्या द्रवात अमोनिया असतो. डबीवर वाचा.

यामागे आपल्याकडची गोष्ट आहे. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात आपोआप तडकायची. न वापरता, पडल्या पडल्या. कारखान्यात सगळी चांगली, इथे येऊन तडे. पावसाळ्यात होतं म्हणून त्या तडकण्याला नावही 'मोसमी तडकणं' अशा अर्थाचं पडलं. उलगडा १९२१ मध्ये झाला. काडतुसं साठवायची घोड्यांच्या तबेल्यात. घोड्यांच्या मुतातून अमोनिया सुटायचा, त्यात पावसाळी दमट हवा. आणि काडतुसाचं पितळ ओढून बनवलेलं, म्हणजे त्याच्या अंगात ताण साठलेला. ताण, अमोनिया आणि ओल हे तिघे एकत्र आले की पितळ कणाकणांच्या सीमेवरून फाटतं. उपाय काय केला? पितळ हलकं तापवून त्यातला ताण काढून टाकला.

तुमच्या नळीला जॅकने चपटं केलं, म्हणजे तिथे असा ताण नक्की साठलेला आहे. तेव्हा त्या जागेला तर अमोनियाचा वासही नको.

---

पेठेतला_पाटा | सकाळी १०:४५

चार दिवसांत या धाग्यावर मिळालेला पहिला उपयोगी परिच्छेद. घोड्यांचे आभार.

---

चांदणी_रात | सकाळी ११:३०

धातुवेडाकाका, एक शंका. कल्हईवाला भांडं तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर यायचा आणि आम्ही पोरं खोकत लांब पळायचो. नवसागर म्हणजे अमोनियाचंच काहीतरी ना? मग आमची पातेली कशी नाही तडकली?

---

धातुवेडा | दुपारी १:१५

फार छान प्रश्न! नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्याचे अमोनिया आणि हायड्रोक्लोरिक आम्ल असे दोन भाग होतात. आम्ल भांड्याचा पृष्ठभाग साफ करतं, म्हणून कथील नीट चिकटतं. अमोनिया असतो, पण भांडं चांगलं तापलेलं असतं, म्हणजे ओल नाही. नंतर धुऊन निघतं. आणि मुख्य म्हणजे इतक्या वेळा तापवलेल्या भांड्यात ताण कुठून उरणार? कल्हईवाला नकळत तो काढूनच टाकत होता.

---

अनुस्वार | दुपारी २:००

वाचतेय. गाडी नाही, परवाना नाही, तरी वाचतेय.

---

बुलेटराजा_कोल्हापूर | संध्याकाळी ७:४०

ती चपटी जागा. डोक्यात एक आलंय, हसू नका.

आमच्या गल्लीत लग्नाच्या बँडचं सामान दुरुस्त करणारा एक जण आहे. ट्रॉम्बोन, युफोनियम, सगळं पितळ. वरातीत कोणी नाचता नाचता आदळतो, पोक पडतो. तो पाइपाच्या आतून लोखंडी गोळा सरकवतो आणि पोक बाहेर काढतो. लहान गोळा, मग जरा मोठा, मग आणखी मोठा. मी डोळ्यानं बघितलंय, तासाभरात पाइप गोल. तुझी नळी पितळीच आहे की.

---

स्टुटगार्टची_सून | रात्री ८:१०

नवरा खो खो हसतोय. म्हणतो, सत्तरच्या दशकातल्या ९११ ला पुढे कूलर म्हणून नळीचाच एक लांब वळसा असायचा आणि त्याला सगळे 'ट्रॉम्बोन'च म्हणतात! बँडवाल्याकडे जाणं अगदी योग्य आहे म्हणतो.

अवांतर : १९७२ ला कंपनीने तेलाची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आणली आणि तेल भरायला बाहेरून एक झाकण दिलं. लोक त्यातच पेट्रोल भरायला लागले. पुढच्या वर्षी टाकी परत मागे. जर्मन अभियांत्रिकीचं कौतुक ऐकून ऐकून कान किटलेत म्हणून ही गोष्ट मी सगळ्या पाहुण्यांना सांगते.

---

खरबूज | रात्री ८:३०

पितळेला चुंबक चिकटत नाही, पण आतल्या लोखंडी गोळ्याला चिकटतो. बाहेरून जोरदार चुंबक फिरवूनही आतला गोळा ओढता येईल. वाद्यं दुरुस्त करणारे हेही करतात. तुमच्या नळीची जाडी वाद्यापेक्षा जास्त असेल, त्यामुळे किती जमेल सांगता येत नाही.

---

मिशिगनकर | बुधवार, पहाटे ५:५०

आमच्या गावात शाळांचे बँड आहेत, म्हणजे वाद्यं दुरुस्त करणारा असणारच! शोधतो.

तोवर आतून साफसफाईचं सांगा. काचेचे मणी मारायचं ब्लास्टिंग यंत्र मित्राकडे आहे. आतबाहेर एकदम?

---

धातुवेडा | सकाळी ७:०५

आतून अजिबात नाही. बाहेरूनही नको, केलंतच तर दोन्ही टोकं घट्ट बंद करून. वाकणात अडकलेला काचेचा एक कण सुद्धा पुढे तेलाबरोबर फिरतो आणि बेअरिंगवर ओरखडा काढतो.

---

शेंगदाणे | सकाळी ७:३०

फिल्टर असतो ना काका? फिल्टर कशाला असतो मग?

---

धातुवेडा | सकाळी ८:१२

फिल्टरला बायपास झडप असते. तेल थंड आणि घट्ट असताना फिल्टरमधून पुरेसं जात नाही, तेव्हा झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जातं. इंजिन उपाशी राहण्यापेक्षा मळकं तेल बरं, असा तो हिशेब. म्हणजे मिशिगनच्या गारठ्यात पहिल्याच स्टार्टला तुमचे काचेचे मणी सरळ आत.

आतून रॉकेल किंवा तत्सम विद्रावक, आणि सुती फडका दोरीला बांधून ओढा, बंदुकीची नळी साफ करतात तसं. धागे न सुटणारा फडका घ्या. पांढरा फडका पांढरा बाहेर येईपर्यंत ओढत राहा. शेवटी हवा मारा.

आणि बाहेरून? शेंगदाण्यांनी पहिल्या प्रतिसादात गमतीत लिहिलं ते तितकंसं चूक नाही. आधी ग्रीस काढायचा द्रव आणि प्लास्टिकचा ब्रश, म्हणजे पुट जाईल. मग चिंच किंवा लिंबू, मीठ थोडंच. लगेच भरपूर पाणी, लगेच कोरडं. मीठ उरलं तर परत तेच दुखणं.

---

शेंगदाणे | सकाळी ८:१५

माझा प्रतिसाद 'तितकासा चूक नाही' असं एका धातुशास्त्रज्ञाने लिहिलंय. हे मी छापून भिंतीवर लावणार आहे.

---

मिशिगनकर | तीन आठवड्यांनंतर, रविवार

मंडळी, वृत्तांत.

नट. पाच वेळा तापवला, पाच वेळा निववला, दोन मेणबत्त्या संपल्या. मेण खरंच आत ओढलं जातं, बघायला मजा येते. नट ढिम्म. शेवटी स्टुटगार्टचा सल्ला. बारीक कटरने चीर पाडली, छिन्नी ठेवली, हातोडीचा एक टोला, आणि 'टक्'. नट फाकला. आतून पांढरी पावडर आणि मेण असा भुगा पडला. थर्मोस्टॅटच्या आट्यांवर एक ओरखडा आहे, पण बारीक कानशीने साफ केल्यावर नवा नट हाताने पूर्ण बसतो. इथल्या हायड्रॉलिक पाइपवाल्याने नळीला नवं टोक ब्रेझ करून (झाळून) दिलं, नटासकट. त्याने सांगितलं, फ्लक्स (झाळताना लावतात ते रसायन) गरम पाण्याने पूर्ण धुवा, राहिला तर खातो. धुतला.

पोक. वाद्यं दुरुस्त करणारा सापडला! सत्तरीचे गृहस्थ. मी पिशवीतून सहा फुटी काळी नळी काढली तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग नळीकडे, मग विचारलं, 'हे कोण वाजवतं?' चुंबकाने काही झालं नाही, जाडी जास्त. मग लांब दांड्याच्या टोकाला गोळा लावून आतून दाब दिला आणि बाहेरून लाकडी हातोडीने हळूहळू ठोकलं. चार गोळे बदलले. पूर्ण गोल नाही झाली. जवळून बघितलं तर कळतं. पण आतून मोठा गोळा आरपार जातो. शेवटी त्यांनी विचारलं, लाखेचा थर देऊ का, ट्रम्पेटला देतो तसा? मी नको म्हटलं. त्यांनी ती जागा हलकी तापवूनही दिली. का, ते मी सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं.

साफसफाई. पुट निघायला दोन दिवस. फडका एकोणीस वेळा ओढला, एकोणिसावा पांढरा. चिंच वापरली, भारतीय दुकानातली. बायको म्हणाली, आमटीला उरवा.

फिनिश. काहीच नाही. नटांवर झिंक प्रायमर आणि मेण, भोसरीकरांच्या सांगण्याप्रमाणे. नळ्या उघड्या पितळी. आत्ता सोन्यासारख्या आहेत, दोन पावसांनंतर तपकिरी होतील. होऊ देत.

---

स्टुटगार्टची_सून | रविवार, संध्याकाळी

अभिनंदन! नवरा म्हणतो, तेल भरल्यावर एकदाच मोजून खूश होऊ नका. पुढचा कूलर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत रिकामाच असतो.

---

मिशिगनकर | रविवार, रात्री उशिरा

हे दोन तास आधी लिहायचं होतंत हो!

तेल भरलं, इंजिन चालू ठेवून मोजलं (या गाडीत गरम इंजिन चालू असतानाच मोजतात), मला वाटलं गरम झालंय, पातळी व्यवस्थित. वीस मिनिटं फिरवून आणली. थांबून परत पट्टी काढली तर तेल पार खाली! गाडीखाली घुसलो, बॅटरी तोंडात धरून. खाली पुठ्ठा अंथरला होता, तो कोरडा. नट कोरडे. नळी हाताला गरम, पुढपर्यंत गरम. तेव्हा कुठे डोक्यात शिरलं की थर्मोस्टॅट उघडला आणि तेल पुढच्या कूलरमध्ये आणि नळ्यांत भरलं. थोडं थोडं घातलं, पातळी वर आली.

गाडीखाली पडल्या पडल्या तशीच दोन मिनिटं नळीकडे बघत राहिलो, पाटासाहेब.

---

पेठेतला_पाटा | सोमवार, सकाळी ८:०१

फोटो टाका.

---

सायली_के | सोमवार, सकाळी ११:२०

नवीन सदस्य आहे. माझ्या बाबांच्या जुन्या बुलेटच्या रॉकरच्या पाइपातून तेल ठिबकतं. बँजोचे वायसर तांब्याचे आहेत. नवे घेऊ की हेच चालतील?

---

बुलेटराजा_कोल्हापूर | सकाळी ११:२५

ताई, गॅसवर लाल करा, पाण्यात टाका, परत मऊ होतात. एकदा तेच लावून बघा. पण पाइपाला दोन पाने. एकानं धरायचं.